तोंडाचा प्रश्न

हळदीचा हंगाम उतरला आणि सांगलीच्या मार्केट यार्डातली धावपळ कमी झाली की माझ्या स्त्रीरोगाच्या ओपीडीत एक ठरावीक गर्दी होते. व्यापाऱ्यांच्या, अडत्यांच्या घरातल्या बायका. चार महिने दुखणं अंगावर काढलेलं असतं, आता कुठे स्वतःकडे बघायला वेळ मिळालेला. त्यातल्याच या बाई. वय ४८, लग्नाला २७ वर्षं, मुलगा-सून घरात, धाकटी मुलगी कॉलेजात. पाळी जाऊन दोन वर्षं झालेली. तक्रार एकच, "खाली जळजळतं, मॅडम."

(दोघांनी लिहायला परवानगी दिली आहे. नावं नाहीत, ओळख पटेल असे तपशील बदललेत. "त्या" आणि "ते" एवढ्यावर भागवते.)

तपासणीत नवल काही नव्हतं. पाळी गेली की इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होतं, योनीचं अस्तर पातळ आणि कोरडं पडतं, रंग फिका दिसतो, हात लागला तरी दुखतं. लघवीची तपासणी, साखर, पॅप स्मिअर म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, सगळं ठीक. मी मलम लिहून दिलं. त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि कडीवर हात ठेवून थांबल्या. तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये एवढं शिकले आहे, की खरी तक्रार कडीवर हात गेल्यावर येते.

"आमच्या ह्यांना वेड लागलंय का, ते विचारायचं होतं. मोबाइलवर कायतरी बघितलंय. तोंडानं करायचं म्हणतात."

मी मनात लगेच गोष्ट रचून टाकली. नवऱ्यानं व्हिडिओ पाहिला, बायकोवर जबरदस्ती करतोय, आता मी बाईंची बाजू घ्यायची. "तुम्हाला नको असेल तर स्पष्ट नाही म्हणा," असं म्हणूनही गेले. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मला करायला नाही सांगत. ते म्हणतात, मी तुला करतो."

माझं चुकलं होतं. मी त्यांना परत बसवलं.

पुढच्या अर्ध्या तासात जे निघालं ते असं. तीन वर्षं दोघांत काही नाही. आधी त्यांना दुखायचं, म्हणून त्या टाळायच्या. मग "ह्यांचं" जमेनासं झालं. दोन-तीनदा तसं झाल्यावर ते पुढच्या खोलीत टीव्हीसमोर झोपायला लागले. घरात सून आल्यावर तर बरंच झालं, कुणी काही विचारायला नको. बाईंना वाटत होतं, आपण म्हाताऱ्या झालो म्हणून नवऱ्याचं मन उडालं. नवऱ्याला वाटत होतं, आपण निकामी झालो म्हणून बायको तोंड फिरवते. आणि एक दिवस अचानक हे, "मी तुला करतो." बाईंना ती थट्टा वाटली. शिवाय घाण वाटली. शिवाय एक तिसरंही होतं, जे त्यांनी शेवटी सांगितलं: "आणि तोंड कसलं, तर तंबाखूचं. सकाळी चहाच्या आधी डबी उघडते. असलं तोंड घेऊन?"

हे तिसरं कारण मी कागदावर लिहून त्याखाली रेघ ओढली.

*

ते एकटे आले, पंधरा दिवसांनी. वय ५३, अडतीचा व्यवसाय. नखांच्या कडांना हळद अशी बसलेली की धुऊन जाणार नाही. खिशात ती डबी, एका बाजूला तंबाखू आणि दुसऱ्या बाजूला चुना. साखरेचा आजार नऊ वर्षं. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ९.१ टक्के, बरीच जास्त. गोळ्या "आठवण आली की" घ्यायचे. मध्ये मेडिकलवाल्याकडून विचारून एक गोळी आणलेली, डोकं दुखलं, बाकी काही नाही.

मधुमेही पुरुषांपैकी साधारण निम्म्यांना कमी-जास्त प्रमाणात ताठरतेची अडचण येते. रक्तवाहिन्या खराब होतात, नसा बधिर होतात. लिंगातल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, म्हणून चोंदल्याचं पहिलं लक्षण अनेकदा तिथे दिसतं. तेव्हा माझं पहिलं काम कामजीवनाचं नव्हतंच. मिरजेला हृदयाची तपासणी करून या म्हटलं, आणि ती होईपर्यंत कुठलीही गोळी मेडिकलमधून परस्पर घ्यायची नाही. छातीसाठी नायट्रेटची गोळी चालू असताना सिल्डेनाफिल ही ताठरतेची गोळी घेतली तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका घसरतो. हे सांगितल्यावर त्यांनी डबी खिशातून काढून टेबलावर ठेवली आणि परत खिशात घातली. सवयच ती.

मग मी विचारलं, तोंडाचं कुठून सुचलं?

"व्हिडिओत बघितलं. मला वाटलं, माझ्याकडनं ते तर होत नाही. निदान तिला तरी..." पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. आणि मग एकदम, "पण कायद्यानं गुन्हा आहे ना हो? आमचा एक वकील मित्र म्हणाला होता, नवरा-बायकोत पण गुन्हा आहे."

मित्र अगदी खोटं बोलला नव्हता, जुनं बोलला होता. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ३७७ होतं, "निसर्गक्रमाविरुद्ध" संबंधांसाठी. त्यात मुखमैथुनही धरलं जायचं, आणि नवरा-बायको म्हणून सूट अशी लिहिलेली नव्हती. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं नवतेजसिंग जोहर खटल्यात निकाल दिला की दोन प्रौढ माणसं आपल्या राजीखुशीनं, खाजगीत जे करतात तो गुन्हा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच नाही. राजीखुशी हा शब्द मात्र मी त्यांना दोनदा ऐकवला.

"आणि हे आपल्यातलं नाही, फॉरेनचं" हेही त्यांनी पुढे केलं. वात्स्यायनाच्या कामसूत्रात "औपरिष्टक" नावाचा आख्खा अध्याय याच गोष्टीवर आहे. त्याला ते फारसं रुचलेलं दिसत नाही, पण शेवटी तो देशरीत आणि ज्याची त्याची आवड यांवर सोडून देतो. आपल्याकडे र. धों. कर्व्यांनी १९२७ साली मासिक काढून कामजीवनावर मराठीत उघड लिहायला सुरुवात केली, खटलेही सोसले. आणि आमच्या याच सांगलीत १९९२ पासून संग्राम संस्थेच्या कामातून वेश्याव्यवसायातल्या बायका निरोधबद्दल भर चौकात बोलत आल्या. लग्नाच्या बायकोला मात्र स्वतःच्या अवयवाचं नाव माहीत नसतं. हे मी त्यांना नाही सांगितलं, इथे लिहून टाकते.

*

तिसऱ्या भेटीला दोघं एकत्र. खुर्च्यांमध्ये हातभर अंतर.

मी प्रिस्क्रिप्शनच्या पॅडवर मागच्या बाजूला चित्र काढलं. माझं चित्र वाईट असतं, पण त्यामुळे हसू येतं आणि हसू आलं की अर्धं काम होतं. शिश्निका, म्हणजे क्लिटोरिस, वरून वाटाण्याएवढी दिसते, पण ते नुसतं टोक. आत तिचे दोन लांब पाय आणि दोन फुगीर भाग योनीच्या दोन्ही बाजूंनी पसरलेले असतात. ऑस्ट्रेलियातल्या युरॉलॉजिस्ट हेलन ओकॉनेल यांनी १९९८ मध्ये ही रचना नीट मांडली. तोवर शरीरशास्त्राच्या पुस्तकांतूनही हा अवयव अर्धामुर्धाच होता, मी शिकले त्या पुस्तकातही. २०२२ मध्ये अमेरिकेत तिच्या नसांतले तंतू मोजले, १० हजारांहून जास्त भरले. एवढ्याशा जागेत.

बाई चित्राकडे बघत होत्या. "एवढं असतं?"

असतं. आणि आत जाण्याच्या क्रियेत त्या टोकाला फारसा स्पर्शच होत नाही. अमेरिकेतल्या हजारावर बायकांच्या एका पाहणीत फक्त योनिसंभोगानं सुखाच्या टोकाला पोचता येतं असं सांगणाऱ्या १८ टक्के होत्या. सुमारे ३७ टक्क्यांना शिश्निकेला थेट स्पर्श झाल्याशिवाय ते होतच नाही. ५२ हजारांहून जास्त अमेरिकन लोकांच्या दुसऱ्या पाहणीत पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या बायकांपैकी ६५ टक्के नेहमी किंवा बहुतेक वेळा तिथवर पोचतात असं दिसलं, तर बायकांशी संबंध ठेवणारे पुरुष ९५ टक्के. आणि ज्या बायका जास्त वेळा पोचतात, त्यांच्या सांगण्यात हातानं आणि तोंडानं केलेला स्पर्श, खोल चुंबन, आणि काय हवं ते सांगणं, हे पुन्हा पुन्हा येत होतं.

आता फायद्यांचं. ते मोबाइलमध्ये एक यादीच घेऊन आले होते. तोंडानं केल्यानं त्वचा उजळते, नैराश्य जातं, आयुष्य वाढतं, वीर्यात प्रथिनं असतात. वीर्य एका वेळी चमचाभर, त्यातलं प्रथिन एका शेंगदाण्यालाही लाजवणार नाही. नैराश्य जाण्याची गोष्ट कॉलेजच्या मुलींच्या एका छोट्या पाहणीवरून फुगवलेली. हॉलंडमध्ये २००० साली निघालेल्या एका लहान अभ्यासात मुखमैथुन करणाऱ्या बायकांत गरोदरपणातला वाढता रक्तदाब कमी दिसला होता, पण दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीनं दुसरी झाली असं नव्हे. आणि ४८ व्या वर्षी त्या यादीतलं हे कलम कशाला? मी यादी खोडली.

जे खरं आहे ते साधं आहे. उत्तेजना आली की त्या भागात रक्त वाढतं, ओलावा येतो. कोरडेपणा असलेल्या बाईला घर्षणाचा त्रास होतो, जिभेचा स्पर्श ओला आणि मऊ असतो. सुखाच्या टोकानंतर ऑक्सिटोसिन आणि प्रोलॅक्टिन ही हार्मोन्स वाढतात, अंग सैल पडतं, बऱ्याच जणांना झोप चांगली लागते. गर्भ राहण्याची भीती नाही. आणि या जोडप्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट: त्याला ताठरता लागत नाही. पुरुषाची परीक्षाच रद्द. नापास होण्याची भीती हेही ताठरता जाण्याचं एक मोठं कारण असतं. पुरुषाला ताठरता नसतानाही सुख मिळू शकतं, हे तर बहुतेक पुरुषांनाही ठाऊक नसतं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि नवऱ्याकडे न बघता मला म्हणाल्या, "तंबाखू सुटू दे. चाळीस दिवस झाले की बघू."

*

तोंडाचा विषय निघालाच होता, म्हणून मी त्यांना तोंड उघडायला सांगितलं. स्त्रीरोगतज्ज्ञानं पुरुषाचं तोंड बघावं असा प्रसंग विरळाच. तीन बोटं उभी आत जायला हवीत, दोन जेमतेम गेली. खालच्या ओठाच्या आत, जिथे तंबाखूची गोळी दाबून ठेवायचे तिथे, नखाएवढा पांढरा चट्टा. पुसून जात नव्हता. सुरकुतलेली, दुधाच्या सायीसारखी कड.

त्याच आठवड्यात दंतवैद्याकडे, तिथून तुकडा तपासायला. कॅन्सर नव्हता. पेशींमध्ये सौम्य बदल होते, तंबाखू न सोडल्यास पुढे जाऊ शकतील असे. मुखमैथुनाच्या आरोग्य-फायद्यांच्या कुठल्याही यादीत हे सापडणार नाही, पण या प्रकरणातला सगळ्यात ठोस आरोग्य-फायदा हाच. ज्या माणसाला चट्टा वर्षभर माहीत होता आणि जो "चुन्यानं भाजलंय" म्हणून गप्प होता, तो बायकोच्या एका अटीसाठी तोंड दाखवून आला.

तंबाखू सोडवायला निकोटिनची च्युइंगगम दिली, १८००-११-२३५६ हा सरकारी क्विटलाइनचा नंबर दिला. बाईंनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी रोज एक फुली मारायला सुरुवात केली. सुनेला सांगितलं, "तुझ्या सासऱ्यांचं पथ्य चालू आहे." पोळ्याच्या सुमारास फुली चुकली, मोजणी पुन्हा एकपासून.

या काळात मी दोघांना संभोगाची बंदी घातली. एक महिना फक्त स्पर्श, आधी हात-पाठ-डोकं, गुप्तांग सोडून. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन कामजीवन-संशोधकांनी १९७० मध्ये मांडलेली ही पद्धत जुनी असली तरी अजून चालते. मला वाटलं ते नाराज होतील. ते उलट सैलावले. हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत, म्हणजे खोल खड्ड्यांत, साठवतात. म्हणाले, "हरिपूरचं पेव उघडल्या उघडल्या कुणी आत उतरत नाही, मॅडम. आधी वारं जाऊ द्यावं लागतं. नाहीतर माणूस गुदमरून मरतो." बाई पहिल्यांदा त्यांच्याकडे बघून हसल्या. संध्याकाळी दोघांनी हरिपूरच्या रस्त्यानं संगमापर्यंत चालत जायचं, असंही ठरलं. ते साखरेसाठी. पण तीन वर्षांत दोघं कुठे एकत्र गेले नव्हते, तेही त्यात आलं.

जोखमीचं मी आडपडदा न ठेवता सांगितलं. तोंडानं गर्भ राहत नाही, पण आजार लागू शकतात: हर्पीस, सिफिलिस, गोनोरिया, एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण होणारा विषाणू). एचआयव्हीचा धोका फार कमी, शून्य नाही. तापानंतर ओठावर उठणारे पाण्याचे फोड असतील तर ते पूर्ण बरे होईपर्यंत तोंड लावायचं नाही, तोच विषाणू खाली जातो. आयुष्यात दुसरं कुणी आलेलं असेल तर रक्त तपासा, दोघांनीही. यावर दोघं एकमेकांकडे बघायचं टाळत "करून टाकू" म्हणाले आणि केलं, सगळं निगेटिव्ह. घशाच्या मागच्या भागातले काही कॅन्सर एचपीव्हीमुळे होतात, तरी आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचं मुख्य कारण तंबाखू आणि सुपारीच. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची एचपीव्हीची लस २०२३ मध्ये आली आहे, ती धाकट्या मुलीला द्या म्हटलं, २० व्या वर्षी तीन डोस. स्वच्छतेला साधं पाणी पुरे. योनीच्या आत साबण नाही, जाहिरातीतलं वॉश नाही. आत फुंकर मारायची नाही, गरोदर बाईच्या बाबतीत तर कधीच नाही. हवा रक्तात शिरून जीव गेल्याची उदाहरणं आहेत.

एक गोष्ट मात्र मी सांगायची विसरले, आणि ती बाईंनी पकडली. मी दिलेलं इस्ट्रोजेनचं मलम आतून लावायचं, पहिले दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. "मॅडम, ते मलम ह्यांच्या तोंडात गेलं तर?" बरोबर होतं. मलम संबंधाच्या आधी लावायचं नाही, नंतर झोपताना किंवा त्या दिवशी नकोच. इतक्या वर्षांत मला कुणी हे विचारलं नव्हतं, कारण मी कुणाशी इतकं बोललेच नव्हते.

*

चाळीस फुल्या दसऱ्याच्या आसपास भरल्या. त्यानंतर आठ दिवसांनी बाई एकट्याच आल्या, चेहरा लाल. मला वाटलं सगळं फिस्कटलं. तपासलं तर बाहेरच्या भागावर लालसर ओरखडे आणि चांगलीच आग.

"दाढी," त्या म्हणाल्या. "दोन दिवसांची होती. आणि वर ते औषध."

औषध म्हणजे पुदिन्याचं माउथवॉश. तोंडाला वास येऊ नये म्हणून त्यांनी नव्या उत्साहात दोनदा गुळण्या केल्या होत्या. पातळ झालेल्या त्वचेवर मेंथॉल म्हणजे मिरचीच. मी ओठ चावून हसू आवरलं, बाईंनी आवरलं नाही. खोबरेल तेल, चार दिवस विश्रांती. नियम वाढले: त्याच दिवशी घोटून दाढी, फक्त साध्या पाण्यानं चूळ, ब्रश तासभर आधी म्हणजे हिरड्यांतून रक्त आलेलं नको.

आणि ते झालं का? झालं. तिसऱ्या की चौथ्या वेळेला. बाईंचं वर्णन असं: "मला वाटलं चक्कर येते की काय. मी त्यांना ढकललंच. ते घाबरले, म्हणाले, साखर कमी झाली का?" २७ वर्षांत पहिल्यांदा. त्यावर त्या रडल्या, मग ते रडले, मग सुनेला जाग येईल म्हणून दोघं गप्प बसले.

नवऱ्यासाठी बाईंनी तोंडानं करावं का, हा प्रश्न आला. बाईंनी ठाम सांगितलं, मला नाही जमणार, ओकारी येते. मी विचारलं, त्यांचं काय म्हणणं? "काही नाही. हातानं चालतं म्हणाले." हे सरळ सरळ एकतर्फी आहे, आणि मला ते चालतं. देण्याघेण्याचा काटा तोलत बसलं की ते पुन्हा अडतीचं दुकान होतं. ज्या घरात बाईला "नाही" म्हणता येतं, तिथल्याच "हो"ला काही किंमत असते. माझ्याकडे अशाही बायका येतात, ज्यांच्या घरी हेच कृत्य शिक्षा म्हणून करून घेतलं जातं. त्यांना मी असल्या फायद्यांबद्दल एक अक्षर बोलत नाही.

सहा महिन्यांनी हिशोब मांडला तो असा. तीन महिन्यांची साखर ७.४. हृदय ठीक, सिल्डेनाफिल आता माझ्या नव्हे तर फिजिशियनच्या सल्ल्यानं, कधीमधी. संभोग होतो, कधी होत नाही, आणि न झाल्याचं कुणी मोजत नाही. कोरडेपणा मलमानं बराच कमी. चट्टा फिका झाला, तोंड तीन बोटं उघडतं. टीव्हीच्या खोलीतला पलंग मुलीला अभ्यासाला दिला.

शेवटच्या भेटीला ते मधुमेहाचे रिपोर्ट घेऊन आले तेव्हा बोलता बोलता खिशातून तीच डबी निघाली. माझ्या कपाळावर आठी आली असावी.

"अहो नाही, बघा तरी," म्हणत त्यांनी झाकण उघडलं. एका कप्प्यात बडीशेप, दुसरा रिकामा.

"लवंग ठेवत होते," बाई म्हणाल्या. "मीच बंद करायला लावली. चुणचुणतं."